बियाण्याचे वतन

वतन या शब्दाच्या पोटी पूर्वी हक्क आणि चाकरी या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत असत. गावच्या वतनदाराला जे उत्पन्न मिळे, ते गावाची विवक्षित सेवा त्याने आणि त्याच्या पश्चात त्याच्या वंशजांनी अखंड बजावावी, या अटीवर मिळे. त्या व्यवस्थेने माणसांना जन्माने बांधून ठेवले, तिच्यात घोर अन्याय होता आणि ती कायद्याने संपुष्टात आली हे सर्वथा उचितच झाले. तथापि चाकरीवाचून हक्क टिकत नाही हे जे तत्त्व तिच्या बुडाशी होते, ते एका वस्तूला आजही तंतोतंत लागू पडते, आणि ती वस्तू म्हणजे बियाणे. सोने संदुकीत ठेवले तर नातवाच्या हाती जसेच्या तसे पडते, जमीन फेरफाराची नोंद होऊन पुढल्या पिढीच्या नावावर चढते; परंतु टोमॅटोचे बी बाटलीत ठेवून दिले तर चार-पाच वर्षांनंतर त्याची उगवणशक्ती क्षीण होऊ लागते, आणि ज्या घरात ते दीर्घकाळ कोणी पेरलेच नाही, त्या घरापुरता त्या वाणाचा वंश खुंटलेला असतो.

हे प्रतिपादन करण्याचे कारण असे की, गच्चीवर आणि अंगणात पिढीजात वाणाचे टोमॅटो लावण्याची आवड आपल्या नागरी समाजात अलीकडे रुजताना दिसते. जांभळट, पिवळ्या, पट्टेदार फळांची छायाचित्रे पाहून लोक परदेशी बियांची पाकिटे मागवतात, कुंड्या मांडतात, पहिल्या हंगामाची फळे आप्तेष्टांना कौतुकाने वाटतात आणि दुसऱ्या वर्षी निराळे पाकीट मागवतात. ही आवड निरोगी आहे आणि तिचा अव्हेर मी करणार नाही. परंतु या लागवडीचे यश किती किलो फळ उतरले यावर न मोजता, पुढल्या भाद्रपदात पेरण्यासाठी आपल्याच झाडाचे बी घरात आहे की नाही, यावर मोजले पाहिजे, असे माझे पूर्ण विचारांती बनलेले मत आहे.

वऱ्हाडात माझ्या आजोळी टोमॅटोला भेदरे म्हणत. परसात न्हाणीच्या पाण्याच्या ओलीवर ती झाडे वाढत. फळ चपटे, वळ्यावळ्यांचे, देठापाशी गडद हिरवे, सालीला इतके पातळ की बोटाच्या दाबाने फुटावे, आणि चवीला असे सणसणीत आंबट की त्याच्या चटणीत चिंच घालण्याची गरजच पडू नये. आजी त्यांतील एका झाडाला लाल चिंधी बांधीत असे, आणि त्या झाडाच्या फळांना घरातील कोणीही हात लावायचा नाही असा तिचा हुकूम असे. ती फळे झाडावरच पिकून मऊ होत, मग त्यांचे बी काढून, चुलीच्या राखेत घोळवून, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ती उतरंडीच्या मडक्यात ठेवी. आम्हां मुलांना तो तिचा हट्ट वाटे. ती गेल्यावर त्या पुरचुंडीची आठवण कोणालाच राहिली नाही. पुढे वाडा विकला गेला तेव्हा भांडीकुंडी, पाट, चौरंग यांची रीतसर वाटणी झाली, परंतु जी वस्तू कितीही जणांत वाटली तरी कमी होत नाही, तीच वाटून घेण्याचे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही.

भेदरे हे फळ मूळचे आपले नव्हे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील अँडीज पर्वताच्या प्रदेशातले. मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी त्याची मशागत करून त्याला आजच्या फळाचे रूप दिले, आणि त्यांच्या नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरून त्याचे नाव जगभर गेले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले, पुढे ते समुद्रमार्गे आपल्याकडे आले, आणि बंगालीत तर ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगे, या नावाने त्याच्या परकेपणाची खूण राहून गेली. तेव्हा पिढीजात वाण म्हणजे अनादिकालापासून या मातीतला वाण, असा अर्थ करण्यात हशील नाही. कोणा एका घराने अथवा गावाने वर्षानुवर्षे आपल्या जिभेच्या, आपल्या पाण्याच्या आणि आपल्या उन्हाच्या कसोटीवर ज्याची निवड केली, तो वाण त्या घराचा आणि त्या गावाचा होय. अमेरिकेतील आयोवा राज्यात डायान ऑट व्हीली यांना त्यांच्या आजोबांकडून ज्या बिया मिळाल्या, त्यांत ‘जर्मन पिंक’ नावाचा एक टोमॅटो होता आणि त्याचे बी त्यांच्या पूर्वजांनी 1884 साली बव्हेरियातून स्थलांतर करताना बरोबर आणले होते. आजोबांनी ते पेरीत राहण्याची चाकरी केली म्हणूनच ते नातीला मिळाले. आणि त्या एवढ्याशा ठेव्यातून 1975 साली ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ ही, हजारो वाणांचे जतन करणारी संस्था उभी राहिली.

बाजार हे काम करणार नाही, आणि त्याबद्दल बाजाराला अथवा शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. नारायणगावचा किंवा पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो क्रेटमध्ये भरून शेकडो मैल जातो. त्याची साल जाड, गर घट्ट आणि आकार एकसारखा नसेल तर तो मुक्कामी पोहोचण्यापूर्वीच नासेल, आणि ज्या शेतकऱ्याला एका हंगामात भाव कोसळल्यामुळे माल रस्त्यावर ओतावा लागतो, त्याने रोगाला टिकणारा व भरघोस उत्पन्न देणारा संकरित वाण निवडला तर ते त्याच्या प्रपंचाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु या निवडीची किंमत फळाच्या चवीने मोजली आहे. फळ सर्वांगी एकसारखे लाल पिकावे म्हणून पैदासकारांनी गेल्या शतकात जो गुण वाणावाणांत उतरवला, त्याच्यामुळे कच्च्या फळाच्या देठाजवळचा गडद हिरवा भाग नाहीसा होतो. आणि 2012 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवून दिले की, त्या हिरव्या भागाबरोबर फळात साखर साठविण्याची काही शक्तीही लोपते. आजोळच्या भेदऱ्याचे ते हिरवे खांदे, जे बाजाराने दोष मानले, तेच त्याच्या गोडी-आंबटीच्या मेळाचे एक कारण होते. परसातून स्वयंपाकघरापर्यंत वीस पावले चालणाऱ्या फळाला जाड सालीची गरज नाही. म्हणूनच पातळ सालीच्या वाणांना आश्रय देण्याचे सामर्थ्य आज परसबागेतच उरले आहे.

या कामी निसर्गाची साथही आहे. टोमॅटोचे फूल बहुतांशी आपल्याच परागाने फळते, त्यामुळे सरळ वाणाचे बी धरले तर पुढली झाडे मातृवृक्षासारखीच निपजतात. संकरित फळाचे बी पेरले तर मात्र दुसऱ्या पिढीत गुणांची फाटाफूट होऊन एकाच वाफ्यात नाना तऱ्हांची झाडे येतात. तेव्हा प्रारंभीच वाण सरळ आहे याची खातरजमा करून घ्यावी. गावरान बी न मिळाले तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री किंवा भाग्यश्री, अथवा दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा पुसा रुबी, हे सरळ वाणही बी धरण्यास योग्य आहेत. आजचा सरळ वाण तीन पिढ्या घरात पेरला गेला म्हणजे तोही पिढीजातच होणार आहे.

आता चाकरीविषयी. पहिल्या वर्षी मृगाचा पाऊस पाहून उत्साहाने मी जूनमध्येच रोपे लावली, आणि श्रावण संपण्यापूर्वी करप्याने ती सर्व काळी पडली. तेव्हापासून भाद्रपदात बी टाकून, चार आठवड्यांची रोपे पावसाने उघडीप दिल्यावर लावण्याचा नेम मी सोडलेला नाही. मार्गशीर्ष-पौषाची थंडी हा या झाडाचा खरा हंगाम होय. रात्रीचे तापमान 15 ते 20 अंशांच्या दरम्यान असताना फळधारणा उत्तम होते, आणि चैत्राच्या उन्हाळ्यात फुले येऊनही गळतात, त्याला खत हा उपाय नाही. रोप लावताना खालची पाने काढून खोड निम्म्यापर्यंत मातीत पुरावे, कारण पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. कुंडी किमान 15-20 लिटरची असावी, मातीत कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड असावी, आणि ज्या मातीत आदल्या वर्षी वांगी, मिरची किंवा बटाटा होता तेथे टोमॅटो लावू नये, कारण ही सारी एकाच कुळातील असल्याने एकाचे रोग दुसऱ्याला जडतात.

जुने वाण बहुधा उंच वाढणारे असतात. त्यांना पुरुषभर उंचीचा बांबू आणि सुतळीचा सैल वेढा द्यावा, व पानांच्या बगलेतून निघणारे फुटवे कोवळे असतानाच खुडावेत. पाणी सकाळी, मुळाशी आणि नेमाने द्यावे; चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी भडिमार केला तर फळे तडकतात आणि त्यांची बुडे काळी पडतात. पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूने पाने आखडून गोळा झालेले झाड मायेने ठेवून घेऊ नये, तत्काळ उपटावे, कारण ते राखणे म्हणजे शेजारच्या झाडांचा घात करणे होय.

या साऱ्या सेवेचा शेवट बी धरण्यात व्हावा. येथे लक्ष उत्तम फळाकडे न देता उत्तम झाडाकडे द्यावे. जे झाड रोगाच्या लाटेत ताठ उभे राहिले आणि लवकर फळले, त्याचे बी घ्यावे, आणि शक्य तर अशा पाच-सहा झाडांचे बी एकत्र करावे. पूर्ण पिकलेल्या फळाचा बुळबुळीत गर बियांसह काचेच्या पेल्यात काढून दोन दिवस झाकून ठेवावा. बियांभोवतीचे जे बुळबुळीत आवरण त्यांना अकाली उगवू देत नाही, ते आंबून सुटते, पोकळ बी वर तरंगते आणि भरीव बी तळाशी बसते. ते तीन-चार पाण्यांनी धुऊन चिनी मातीच्या बशीत सावलीत आठवडाभर वाळवावे, आणि वाणाचे नाव व साल लिहून, राखेसह घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे.

आपल्या देशाच्या कायद्याने ही रीत मान्य केलेली आहे. 2001 सालच्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियमाने बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि आपसांत देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क नोंदवून ठेवला आहे. आणि अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा माझ्या आजीसारख्या असंख्य स्त्रियांच्या पुरचुंड्यांना जणू राजमान्यता मिळाली. परंतु सनद कागदावर राहून उपयोग नाही. ज्या शाळांत पोषण आहारासाठी परसबागा केल्या जातात, त्या प्रत्येक शाळेने एका गावरान भाजीचे बी वर्षानुवर्षे राखावे; रोपवाटिकांनी रोप विकताना ते सरळ की संकरित हे न विचारता सांगावे; आणि आपण गृहस्थांनी वीस वाणांचा सोस न धरता एकच वाण पत्करून तो निष्ठेने पेरावा.

माझ्याकडे जो वाण आहे तो मी सहा वर्षांपूर्वी एका आठवडे बाजारात एका वृद्ध बाईंच्या पाटीतून घेतलेल्या पाव किलो वळ्यावळ्यांच्या फळांतून धरला. चौथ्या वर्षी माझी सर्व झाडे विषाणूने गेली, आणि पावसाळ्यात बाटलीत ओल शिरून राखीव बीही बुरसटले. आजोळची चूक आपल्या हातून पुन्हा घडली, असे वाटून ते आठ दिवस मी अत्यंत खिन्न होतो. मग आठवले की दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींना मी थोडे बी दिले होते. त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी डब्यातून कागदाची पुडी काढली. तीवर त्यांच्या अक्षरात वाण आणि साल लिहिले होते, आणि आत त्यांच्या झाडाचे, गेल्याच हंगामातले बी होते. तेव्हापासून दरवर्षी बी वाळले की त्याचे मी दोन भाग करतो, आणि त्यांतला देण्याचा भाग आधी बांधतो.