उजव्या आसनावरचे भवितव्य

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे खान्देशातील पालकांनी वेळीच ध्यानात घ्यायला हवे. धुळ्याच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षणार्थी घडतात. शिरपुरातही उड्डाण शिकवले जाते. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत जळगाव होते. वैमानिक घडवण्याची भूमी सिद्ध झाली. त्यांच्या अन्नाचे काय?

दोनशे तासांच्या उड्डाणानंतर परवाना मिळतो. एटीआरसारख्या विमानासाठी पुन्हा स्वतंत्र प्रशिक्षण लागते आणि त्याचा भार बहुधा कुटुंबावरच पडतो. त्यासाठी शेत गहाण पडले, तर परतफेडीचा आधार एकच, नोकरी.

ती प्रादेशिक कंपनीत मिळणे मुळीच कमीपणाचे नाही. छोट्या पल्ल्यांवर उड्डाण आणि अवतरण वारंवार घडते. उजव्या आसनावरचा सहवैमानिक तिथेच तावून सुलाखून निघतो. दुखणे वेगळेच आहे. जळगावात डिसेंबर २०१७ मध्ये आलेली एअर डेक्कनची सेवा लवकरच खंडित झाली. २०१९ मध्ये आलेली ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय ९१ आली. ‘उडान’चे अर्थसाहाय्य तीन वर्षांचे, वैमानिकाचे कर्ज मात्र त्याहून लांब मुदतीचे!

म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी संस्थेला शुल्क विचारावे, तसेच किती विद्यार्थी प्रत्यक्ष नोकरीला लागले हेही विचारावे. शासनाने अर्थसाहाय्य देताना कंपन्यांकडून स्थानिक नवोदितांच्या भरतीचे वचन घ्यावे. आणि विमानसेवेची मागणी करणाऱ्या खान्देशी व्यापाऱ्याने तिचे तिकीटही काढावे. रिकाम्या आसनांवर कोणाचेही भवितव्य उभे राहत नाही.