रिकाम्या पोटी लांबचा पल्ला

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात ढेबेवाडी फाटा आहे. तेथे महामार्ग सोडला, की चचेगाव, विंग, कोळे या गावांवरून रस्ता ढेबेवाडीकडे जातो. जाऊन-येऊन सुमारे पन्नास किलोमीटर. लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्या सायकलस्वाराला ही वाट चांगली. काही वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही शाळेतील आठ-दहा मुलांना घेऊन या वाटेने सहलीला गेलो होतो.

त्यांत नववीतील एक मुलगा होता. अंगाने थोडा स्थूल. सराव सुरू केल्यापासून महिन्याभरात त्याचे वजन तीन किलोंनी उतरले होते, आणि मीच वर्गापुढे त्याचे कौतुक केले होते. परत येताना विंगच्या अलीकडे तो सायकलवरून उतरला आणि झाडाखाली बसला. हात थरथरत होते, अंगाला गार घाम सुटला होता, बोलणे अडखळत होते. विचारल्यावर कळले, की तो आदल्या रात्री जेवला नव्हता आणि सकाळी केवळ चहा घेऊन निघाला होता. "सर, उपाशी राहून सायकल मारली की चरबी लवकर झडते ना?" तो म्हणाला. गूळ आणि पाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तो सावरला. त्या दिवशी मला वाटले, चूक त्याच्यापेक्षा माझी अधिक होती.

विद्यार्थी मित्रांनो, त्याचा हा समज पुष्कळांचा असतो. तो कोठे चुकतो ते पाहू.

समजा, ५० किलो वजनाचा मुलगा हे ५० किलोमीटर अंतर तीन तासांत कापतो. त्यासाठी त्याला सुमारे १००० उष्मांक, म्हणजे किलोकॅलरी, लागतात. ही ऊर्जा शरीर मुख्यतः दोन साठ्यांतून घेते. पहिला साठा ग्लायकोजनचा. स्नायू आणि यकृत यांत साठवलेली ही साखरच होय. प्रौढ माणसात ती सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम असते. म्हणजे फार तर २००० उष्मांक. दुसरा साठा चरबीचा. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात आणि सडपातळ माणसाजवळही ती काही किलो असतेच.

मग चरबीच का वापरू नये? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. ग्लायकोजन हे डब्यातले पीठ आहे आणि चरबी ही कणगीतली ज्वारी. कणगी भरलेली असली, तरी गिरणी आपल्याच गतीने दळणार. चरबीपासून ऊर्जा मिळते, पण सावकाश. चढावर जोर लावायचा असेल, तर डब्यात पीठ हवेच. शिवाय मेंदूचे काम प्रामुख्याने रक्तातील साखरेवर चालते आणि तिचा पुरवठा यकृत करते. रात्रभराच्या उपवासाने यकृतातील साठा बराच उतरतो. त्यावर तीन तास सायकल चालवली, की रक्तातील साखर घसरते. हात थरथरणे, गार घाम, गोंधळणे ही त्याची लक्षणे. रहदारीच्या रस्त्यावर असे होणे किती धोक्याचे, हे सांगायला नको.

दुसरी फसगत वजनाच्या काट्याची. लांबच्या फेरीनंतर काटा एक किलो खाली दिसतो, तो बहुतांशी घाम असतो. पाणी प्यायले की तो पुन्हा वर येतो. ग्लायकोजनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठवलेले असते. म्हणून उपासाच्या पहिल्या दोन-चार दिवसांत वजन भराभर उतरते आणि आपल्याला वाटते, चरबी गेली!

बरे, एक किलो खरोखरच घटले तर लाभ किती? सायकलस्वार आणि सायकल मिळून ७० किलो धरू. चढावर एका किलोने सुमारे दीड टक्का श्रम वाचतील. सपाट रस्त्यावर मुख्य विरोध हवेचा असतो, तेथे लाभ आणखी कमी. चाकांत पुरेशी हवा भरणे आणि साखळीला तेल घालणे हे त्याहून कितीतरी सोपे उपाय. उलट रिकाम्या पोटाने गळून गेलात, तर सायकल हातात धरून चालावे लागते.

मोठे सायकलस्वार काय करतात? १९८० च्या दशकात डच संशोधकांनी 'टूर द फ्रान्स'मधील सायकलपटूंचा अभ्यास केला. ते दररोज सरासरी ६००० उष्मांक खर्च करत आणि जवळजवळ तेवढेच अन्न खात. त्यातील मोठा भाग सायकल चालवतानाच! नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. या शर्यतीत स्वारामागून गाडी चालते आणि तिच्यातून वेळच्या वेळी खाणे-पिणे पुरवले जाते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपल्याला ठाऊक आहेतच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत ते ५७ किलो गटात उतरले आणि त्यांनी कांस्यपदक मिळवले. पदक वजनामुळे मिळाले असे कोणी म्हणणार नाही, त्यामागे अपार मेहनत होती. पण हलके शरीर म्हणजेच सक्षम शरीर, हे काही खरे नाही.

तुमच्या वयात तर आणखी एक गोष्ट आहे. आयुष्यभर पुरणारी हाडांची बळकटी बरीचशी याच काळात येते. खाणे कमी आणि श्रम जास्त असे फार दिवस चालले, तर हाडे कमकुवत होतात, वाढ खुंटते, मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याच धोक्याकडे लक्ष वेधले. म्हणून वजन खरोखरच जास्त असेल, तर डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने जेवण सोडू नका. तळलेले आणि गोड पदार्थ कमी करावेत, सायकल नियमाने चालवावी. वाढत्या वयात वजन स्थिर राहिले आणि उंची वाढली, तरी पुष्कळदा काम होते.

लांबच्या फेरीआधी भाकरी-भाजी किंवा पोहे खाऊन निघा. तासाभरापेक्षा जास्त चालवायचे असेल, तर दर तासाला साधारण ३० ग्रॅम साखरेइतके काही पोटात जावे. एक मोठे केळे किंवा गुळाचा लिंबाएवढा खडा पुरतो. पाणी थोडे-थोडे पीत राहावे. एका आठवड्यात अंतर एकदम दुप्पट करू नये.

शिक्षकबंधू-भगिनींनाही एक विनंती. वर्गापुढे मुलांची वजने वाचू नका, आणि उतरलेल्या वजनाची शाबासकीही देऊ नका. त्या शाबासकीसाठी एखादे मूल जेवणाचा डबा तसाच परत नेते. त्याऐवजी प्रत्येकाला एक वही द्या. सकाळी उठल्यावरची नाडी, ठरलेल्या वाटेला लागलेला वेळ, वाटेत काय खाल्ले आणि रात्री झोप किती झाली, एवढे तीत लिहू द्या. दोन महिन्यांनी नाडी मंदावलेली आणि वेळ कमी झालेला दिसला, तर शरीर सुधारते आहे हे मुलांना स्वतःच कळेल.

त्या मुलाने पुढे अशी वही ठेवली. तीत पहिल्याच पानावर त्याने लिहिले होते: 'निघण्यापूर्वी दोन भाकऱ्या.'