बॅटरीसाठी कार्बन: करवंटी-पऱ्हाटीला भाव येईल का?

नवी मुंबईत घणसोली येथे मोठे संकुल असलेल्या रिलायन्सने २०२२ मध्ये ब्रिटनची फॅराडियन ही सोडियम-आयन बॅटरी कंपनी घेतली. पुण्याच्या केपीआयटीनेही 'आयसर'च्या सहकार्याने विकसित केलेले असेच तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. या बॅटऱ्यांना लागणारा हार्ड कार्बन पिकांच्या अवशेषांपासून बनवता येतो. म्हणून अवशेषांना मोठा भाव सांगणारे कोणी भेटले, तरी घाई करू नका.

शास्त्र खरे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यापासून सच्छिद्र कार्बन बनवून सुपरकपॅसिटरमध्ये वापरला. त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे १,२३० चौरस मीटर, म्हणजे बारा गुंठे! वीज याच पृष्ठभागावर साठते.

मात्र प्रत्येक अवशेष सारखा नसतो. भाताच्या तुसात साधारण १५ ते २० टक्के राख असते, तीही मुख्यतः सिलिका. ती काढण्याचा खर्च वाढतो. पक्क्या नारळाच्या करवंटीत राख अगदी कमी, म्हणून ॲक्टिव्हेटेड कार्बनसाठी तिला आजही मागणी आहे. खड्ड्यात पाडलेला कोळसा मात्र बॅटरीला चालत नाही. हार्ड कार्बनसाठी हवाबंद भट्टीत साधारण हजार अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागते.

तेव्हा यंत्रासाठी कर्ज काढण्याआधी लेखी खरेदी करार मागा. त्यात ओलावा, राख आणि भाव स्पष्ट हवेत. तोपर्यंत पऱ्हाटीची कुट्टी करून कुजवा, पाचट शेतातच ठेवा. जमिनीतला सेंद्रिय कर्ब हाच आजचा खात्रीचा फायदा.