मधला शनिवार

सण म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम पक्वान्न येतें, मग सुट्टी, आणि सवड उरल्यास देव. हा दोष आपल्याच समाजाचा आहे असें मात्र नाहीं. एखाद्या दिवसास पवित्र म्हणणें म्हणजे काय, हा प्रश्न ख्रिस्ती लोकांतहि फार जुना असून त्यावर त्यांनीं आपसांत कडाक्याचे वाद घातले आहेत. त्या वादाचा, आणि त्यांच्या पंचांगांतील एका दुर्लक्षित दिवसाचा, विचार आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

सतराव्या शतकांत इंग्लंडांतील प्युरिटन पंथाचे लोक म्हणूं लागले कीं, नाताळ पाळण्याची आज्ञा बायबलांत कोठेंच नाहीं. आठवड्याचा विश्रामवार तेवढा ईश्वराचा, बाकीचे सण मनुष्यांनीं रचलेले. 1647 सालीं तेथील पार्लमेंटनें नाताळ, ईस्टर इत्यादि सण कायद्यानें बंद केले. 1660 सालीं राजा परत आला, तेव्हां सणहि परत आले. तिकडे अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतींत 1659 पासून 1681 पर्यंत नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड होता. वास्तविक संत पौलानें रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत दिवस मानावे कीं न मानावे, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या विवेकावर सोंपविलेला आहे. परंतु अनुयायांस गुरूएवढा धीर क्वचितच असतो.

प्युरिटनांच्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सर्वच दिवस ईश्वराचे आहेत हें खरें. पण शाळेंत हयात घालविलेल्या माणसास एक गोष्ट ठाऊक असते: ‘केव्हांहि अभ्यास करीन’ म्हणणारा विद्यार्थी कधींच अभ्यास करीत नाहीं. स्मरणास नेमलेली वेळ लागते. दिवसाच्या अंगीं पावित्र्य असो वा नसो, मनुष्याच्या अंगीं विस्मरण आहे, आणि सण हा त्यावरील उतारा आहे.

आतां त्या दुर्लक्षित दिवसाकडे वळूं. ईस्टर हा ख्रिस्ती वर्षांतील सर्वांत मोठा सण. त्याची गणना आपल्या तिथींप्रमाणें चंद्रावर चालते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, असा सामान्य नियम आहे. म्हणून तो 22 मार्चपासून 25 एप्रिलपर्यंत मागेंपुढें सरकतो. त्याआधीं चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. रविवार त्यांत धरीत नाहींत. शेवटीं शुक्रवारीं येशूच्या क्रूसावरील मरणाचें स्मरण करितात आणि रविवारीं त्याच्या पुनरुत्थानाचा उत्सव. हे दोन दिवस सर्वांस ठाऊक आहेत. पण मधल्या शनिवाराचें काय?

त्या शनिवारासंबंधानें शुभवर्तमानांत फारसें कांहींच नाहीं. लूक एवढेंच सांगतो कीं, प्रेतास लावण्याचीं सुगंधी द्रव्यें तयार करून स्त्रिया आज्ञेप्रमाणें शब्बाथाच्या दिवशीं स्वस्थ राहिल्या. हातांत करण्यासारखें काम होतें, पण तें करण्याचा दिवस उजाडला नव्हता. कॅथलिक देवळांत आजहि त्या दिवशीं मिस्सा होत नाहीं. वेदी उघडी असते. रात्रीं मात्र जागरणाचा मोठा विधि होतो. नवा अग्नि पेटवितात, त्यावर मोठी मेणबत्ती लावून ती काळोख्या देवळांत नेतात, आणि तिच्यावरून प्रत्येकजण आपापली मेणबत्ती लावून घेतो.

या विधीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. रात्रीं व्हावयाचा हा विधि शतकानुशतकें हळूहळू अलीकडे सरकत शनिवारच्या सकाळवर आला. भर उन्हांत काळोखाचें व दीपाचें स्तोत्र गाइलें जाऊं लागलें, आणि उपवासकाळहि शनिवारीं मध्यान्हीं संपूं लागला. दुःखाचा दिवस लवकर उरकावा, ही मनुष्यमात्राची ओढ! अखेर 1951 सालीं पोप बारावे पायस यांनीं तो विधि पुन्हा रात्रीं करण्याची मोकळीक दिली, आणि 1956 पासून तसा नियमच झाला. शनिवारास त्याचा दिवस परत मिळाला.

आमचे वसईकडील एक ख्रिस्ती सहाध्यापक आहेत. निवृत्तीनंतरहि आमचा स्नेह टिकून आहे. आमचें कुटुंब निवर्तलें त्या वर्षीं समाचारास येणारे बहुतेकजण म्हणत, ‘झालें तें झालें, आतां मुलांनातवंडांकडे पाहा.’ बोलणें चांगल्या हेतूचेंच, पण ऐकून मन अधिकच मिटे. हे गृहस्थ मात्र येत, ओसरीवर बसत, पाण्याचा पेला घेत आणि तासाभरानें जात. एकदां आम्हींच विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “मास्तर, आमच्या धर्मांत रविवारची खात्री दिलेली आहे. पण त्या शनिवारीं त्या बायकांना ती कोठें ठाऊक होती? तुमचा आज शनिवार आहे. मी रविवारची घाई कशाला करूं?”

त्यांची पुनरुत्थानावरील श्रद्धा ती आमची नव्हे. आत्म्याच्या अविनाशित्वाविषयीं आमच्या शास्त्रांची वाट निराळी आहे. परंतु वाट पाहण्याचा एक दिवस पंचांगांतच राखून ठेवावा, यांतील शहाणपण आम्हांस पूर्ण पटलें.

आपल्याकडेहि तें शहाणपण नाहीं असें नाहीं. घरांत मृत्यु झाला कीं वर्षभर सण करीत नाहींत. तरुण मंडळी यास निव्वळ रूढि म्हणतात, आणि वडील मंडळींस तिचा अर्थ सांगतां येत नाहीं. मग कोणाचें लग्न ठरलें कीं वर्षश्राद्ध सोईसाठीं अलीकडे ओढून उरकून टाकितात. रात्रीचा विधि सकाळीं उरकणाऱ्यांत आणि आपल्यांत मग अंतर काय राहिलें? आमच्या घरींहि त्या वर्षीं धाकट्या सूनबाईंनीं विचारलें होतें, “मामंजी, मुलांसाठीं तरी करंज्या करूं का?” आम्ही म्हणालों, “मुलांना हवें तें खाऊं दे, पण आपण सण केला असें म्हणूं नका. आजी नाहीं, हें त्यांनाहि कळूं दे.” त्या दिवाळींत नातवंडांनीं आजीविषयीं जितकें विचारलें तितकें पुढें कधींच विचारलें नाहीं.

वाचकहो, आपल्या एकत्र कुटुंबांत कोणाचें ना कोणाचें मन अशा मधल्या दिवसांत असतेंच. विधवा आत्याबाईचें, मूल गमावलेल्या सुनेचें, नोकरी सुटलेल्या मुलाचें. त्यांना उत्सवांत ओढूं नये, उपदेशहि करूं नये. ओसरीवर त्यांच्याशेजारीं थोडा वेळ बसावें. रविवार यावयाचा असेल तेव्हां तो आपल्या पायांनीं येईल.