आमचं नाव कुठल्या रकान्यात?



मी खालापूर तालुक्यात एका कागदगिरणीत पाळीवर राबतो. शाळा अर्ध्यावर सुटली, कविता सुटली नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या बौद्धवाडीत दोन पाहणीवाले आले. कुठल्याशा सल्लागार कंपनीची पोरं, हातात टॅब. आईला विचारलं, "क्षेत्र किती?" आई म्हणाली, "क्षेत्र नाय बाबा. दुसऱ्याच्या शेतात आवणी करते." पोराचं बोट थांबलं. आवणी करणाऱ्या बाईला त्याच्या यंत्रात रकानाच नव्हता. त्यानं शून्य दाबलं नि पुढच्या घरी गेला.

हे शून्य आजचं नाही. १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ साली भिवपुरीचं. घाटावर धरणं, खाली वीजघर, नि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. तेव्हापासून इथलं पाणी मोजलं जातंय, उतार मोजला जातोय. २०१३ साली 'नैना'च्या नकाशात कर्जत-खालापूरची गावं घातली. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं कर्जतच्या पोशीर नि शिलार धरणांना मंजुरी दिली, महानगराच्या पाण्यासाठी. महानगराची तहान खोटी नाही, तिथल्या झोपडपट्टीत आपलीच माणसं हंडे घेऊन उभी आहेत. पण महाडचं चवदार तळं याच जिल्ह्यात आहे. ते पाणी प्यालेल्यांच्या वारसांनी विचारायचं नाही का, की ज्याच्या दारातून पाणी जाणार त्याच्या दारात नळ कधी येणार?

आणि रकान्यात नाव नसलं की काय होतं? इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३ ची रात्र. ठाकरांची वाडी, तालुका आमचाच. २७ प्रेतं निघाली, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दरडीच्या धोक्याच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. यादी होती. वाडीही होती. दोघींची गाठ पडली नाही.

सल्ला देणारे मोठमोठे आहेत. १९९९ साली आंध्र सरकारनं मॅकिन्झी कंपनीच्या मदतीनं 'व्हिजन २०२०' काढलं. शेतीवरची माणसं ७० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणायची म्हणे. उरलेली ३० टक्के कुठं जाणार? मी सांगतो. गिरणीच्या गेटवर, ठेकेदाराच्या वहीत. मी तिथंच उभा आहे.

आता कुणी शहाणा म्हणेल, बाबासाहेबही हेच म्हणाले होते. खरं आहे. १९१८ च्या निबंधात त्यांनी लिहिलं की शेतीवर माणसं जास्त, भांडवल कमी, हात रिकामे. म्हणून उद्योग उभे करा. पण ते तिथं थांबले नाहीत. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी जमीन राज्याची करून जात न बघता गावकऱ्यांना कसायला द्या म्हटलं. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. कंपनीचा सल्ला माणसाला जमिनीवरून हलवतो नि हात झटकतो. बाबासाहेबांचा सल्ला त्याला मालकाच्या मुठीतून सोडवतो. दोन्हीकडे आकडे आहेत. पण एकाच्या आकड्यात माझी आई आहे, दुसऱ्याच्या नाही.

म्हणून नुसत्या घोषणा पुरे. वही घ्या, आपली पाहणी आपण करू. सातबारा कुणाच्या नावावर? वतनाची जमीन कुणाच्या ताब्यात? २००६ च्या कायद्याखालचा कातकऱ्याचा वनहक्क दावा कुठल्या टेबलावर अडलाय? आवणीची मजुरी किती, नळ किती, डोंगराखाली घरं किती? ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. इतिवृत्तात लिहून घ्या, सहीशिवाय उठू नका.

पाहणीवाले परत येतील. चहा पाजा, पोरं आपल्यासारखीच पोटासाठी फिरणारी आहेत. पण आधी तुम्ही विचारा : तुला पाठवलं कुणी, पैसे कोण देतो, नि आवणीवालीचा रकाना कुठाय?