सही करणाऱ्याला उत्तर देता आलं पाहिजे

देवनागरी टंकलेखनाचा एक छोटा ओपन सोर्स प्रकल्प मी सांभाळते. मध्यंतरी एका विद्यार्थ्याच्या पॅचमधल्या टिपणीत दुसऱ्या, जीपीएल परवान्याच्या प्रकल्पातली शुद्धलेखनाची चूक जशीच्या तशी दिसली. विचारलं तर म्हणाला, “ताई, एआयने लिहून दिलं.” आमचा परवाना एमआयटी; जीपीएलचा कोड त्याखाली देता येत नाही. मी पॅच परत पाठवला.

लिनक्स कर्नलमध्ये योगदान देणारा प्रत्येक जण २००४ पासून सही करतो: हा कोड देण्याचा अधिकार मला आहे. एआय कोणाच्या कोडवर शिकलं हेच ठाऊक नसेल, तर ती सही कशाच्या बळावर करायची? जेंटू या लिनक्स वितरणाने २०२४ मध्ये आणि क्यूईएमयू या एम्युलेटर प्रकल्पाने २०२५ मध्ये एआयने लिहिलेला कोड नाकारला, ते मला पटतं.

दुसरा धोका मला जास्त छळतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, की नुसत्या सूचना देऊन यंत्राकडून मिळवलेल्या मजकुरावर कॉपीराइट मिळत नाही. जीपीएल तर कॉपीराइटवरच उभा आहे. हक्कच नसेल, तर ‘तुमचे बदलही खुले ठेवा’ ही अट कंपन्यांवर कोण घालणार?

नव्याने योगदान देणाऱ्यांनो, एआयकडून खुशाल शिका. पण ज्या कोडचं मूळ सांगता येत नाही, तो आपल्या सहीने पाठवू नका.