मुक्तिसंग्रामाच्या स्मारकात नावांसोबत पुरावेही हवेत

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सकाळी बीडमध्ये ध्वजारोहण होते. पोलिसांची तुकडी हवेत फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देते, स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, भाषणांत जिल्ह्याच्या विकासाच्या घोषणा होतात आणि दुपारपर्यंत मांडव उतरतो. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच घडते. स्मृतिस्तंभावर नावे कोरलेली असली, तरी त्या माणसांनी नेमके काय केले, कुठल्या तुरुंगात दिवस काढले आणि त्यांच्यामागे घरच्यांचे काय झाले, हे दगड सांगत नाही. ते सांगणारी जागा बीड जिल्ह्यात उभी राहायला हवी.

अशा जागेसाठी अंबाजोगाईइतके योग्य गाव दुसरे नाही. हैदराबादच्या निजामाच्या काळात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि घोडदळाची जुनी छावणी म्हणून ते ओळखले जाई. त्याच गावात योगेश्वरी नूतन विद्यालय चालत होते. निजाम राज्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूत. अशा राज्यात या शाळेने मराठी मुलांना शिकवले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत काम केलेले एक तरुण संन्यासी १९३५ मध्ये इथे मुख्याध्यापक म्हणून आले. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ. तीन वर्षे त्यांनी या शाळेत काम केले. १९३८ मध्ये ती सोडून ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे त्यांचे सहकारीही याच गावचे.

पुढची दहा वर्षे हा लढा गावोगाव पसरला. सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले, करोडगिरी (जकात) नाके जाळले गेले. निजामाच्या अबकारी उत्पन्नावर घाव घालण्यासाठी लोकांनी शिंदीची झाडे तोडली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबादेत तिरंगा फडकवणाऱ्या स्वामीजींना अटक झाली. त्यानंतर तेरा महिने रझाकारांचा, म्हणजे निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र संघटनेचा, धुमाकूळ चालला. १३ सप्टेंबर १९४८ ला ‘पोलिस कारवाई’ सुरू झाली आणि भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. सोलापूरच्या बाजूने आलेली एक तुकडी १५ तारखेला लातूरमार्गे मोमिनाबादला पोहोचली आणि तिथल्या तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. १७ तारखेला निजाम शरण आला. एका राजवटीला आव्हान देणारी शाळा आणि त्या राजवटीचे शरण गेलेले घोडदळ, दोन्ही एकाच गावातले.

तरीही या लढ्याच्या खुणा जिल्ह्याबाहेरच जास्त आहेत. स्वामीजींची समाधी हैदराबादच्या बेगमपेठेत आहे. ज्याच्याविरुद्ध ते लढले तो निजाम मीर उस्मान अली खान त्याच शहरात किंग कोठीजवळच्या मशिदीत चिरविश्रांती घेतो आहे. बीडशी नाते जोडलेल्या दुसऱ्या एका लढवय्याचेही तसेच. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांना बीडच्या मतदारांनी १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत पाठवले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते सांगली जिल्ह्यातल्या वाळव्यात. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आणि नांदेडचे विद्यापीठ यांना स्वामीजींचे नाव आहे, याचा अभिमान आहेच. पण नाव दिले की काम संपले, अशी आपली सवय झाली आहे.

क्रांतीचे स्मारक कसे असावे, याचे एक उदाहरण मेक्सिको सिटीत आहे. पोर्फिरिओ दियास या हुकूमशहाने १९१० मध्ये तिथे संसदेच्या प्रासादाची पायाभरणी केली. त्याच वर्षी क्रांती पेटली आणि पुढे बांधकाम थांबले. अर्धवट सांगाडा वर्षानुवर्षे तसाच उभा होता. १९३० च्या दशकात वास्तुविशारद कार्लोस ओब्रेगॉन सांतासिलिया यांनी त्याच्या घुमटाखालच्या भागाचे क्रांतीच्या स्मारकात रूपांतर केले. पुढे त्याच्या खांबांमध्ये नेत्यांचे अवशेष ठेवण्यात आले. त्यांत मादेरो आहेत, कारान्सा आहेत आणि कारान्सांशी शस्त्राने लढलेले पांचो व्हियाही आहेत. जिवंतपणी एकमेकांचे वैरी असलेली माणसे एका छताखाली आहेत. शेतकऱ्यांचे नेते एमिलियानो सापाता मात्र तिथे नाहीत. त्यांचे अवशेष हलवायला विरोध झाला आणि ते क्वाउत्लातच राहिले. स्मारकाखाली क्रांतीचे संग्रहालय आहे, त्यामुळे वरचा घुमट पाहायला आलेल्या माणसाला खाली उतरून इतिहासही वाचता येतो.

बीडला तसल्या अवाढव्य घुमटाची गरज नाही. त्या संग्रहालयाची आणि सगळ्यांना जागा देण्याच्या त्या वृत्तीची मात्र नितांत गरज आहे. मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेस होती, आर्य समाज होता, कम्युनिस्ट होते, कुठल्याच पक्षात नसलेले शेतकरी होते. आज प्रत्येक जण आपापल्या सोयीचा तुकडा उचलतो.

बीडसाठी अशा संग्रहालयाचा प्रश्न आणखी एका कारणाने जिव्हाळ्याचा आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी खोटी कागदपत्रे जोडून लाभ घेतल्याच्या तक्रारी याच जिल्ह्यातून झाल्या. निवृत्त न्यायमूर्तींमार्फत चौकशी झाली आणि हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ मध्ये त्यावर निकाल आला. यात सर्वांत मोठा अन्याय कोणावर झाला असेल, तर तो खऱ्या लढवय्यांवर. ज्यांनी खरोखर लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या नातवंडांकडेही लोक संशयाने पाहू लागले. हा डाग पुसण्याचा मार्ग एकच आहे. प्रत्येक नावासमोर त्याचा पुरावा मांडायचा: तुरुंगाची नोंद, खटल्याचा कागद, कॅम्पमधल्या सहकाऱ्याची साक्ष. ज्याला पुरावा नाही, त्याचे नाव भिंतीवर येणार नाही.

हे पुरावे शोधायचे तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात जावे लागेल. निजामाच्या राज्याचे दफ्तर तिथे आहे आणि त्यातला मोठा भाग उर्दूत आहे. तो वाचणार कोण? बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या मोहल्ल्यांत आजही उर्दू सहज वाचणारे शिक्षक, वकील, कातिब आहेत. त्यांच्या मदतीशिवाय या जिल्ह्याचा स्वातंत्र्यलढा पूर्ण वाचताच येणार नाही. त्यांना मानधन देऊन, मानाने या कामात घ्यायला हवे.

त्यांना बोलवायचे तर इतिहासाचे एक अवघड पानही उघडावे लागेल. पोलिस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुस्लिमांवर सूड उगवला गेला. त्याची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५,००० माणसे मारली गेल्याचे त्या समितीने नोंदवले. रझाकारांचे अत्याचार जितके खरे, तितकेच हेही खरे आहे. रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली, हेही मुलांना कळले पाहिजे. लढा जुलमी राजवटीविरुद्ध होता, एखाद्या धर्माविरुद्ध नव्हता. स्वामीजींच्या चळवळीची ही भूमिका स्मारकात ठळकपणे दिसायला हवी.

यासाठी कोट्यवधींचा पुतळा लागत नाही. अंबाजोगाईत एखादी जुनी सरकारी इमारत, दोन अभिलेखपाल, कागद स्कॅन करण्याची सोय आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून दरवर्षी ठरावीक तरतूद एवढे पुरेसे आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या पेन्शनच्या संचिका पडताळून, खासगी तपशील झाकून, अभ्यासकांना खुल्या कराव्यात. गावागावांत घरोघरी ट्रंकेत पडून असलेली पत्रे, सनदा, छायाचित्रे यांच्या प्रती घ्याव्यात आणि मूळ कागद घरच्यांकडे परत द्यावेत. त्या काळी पाच-सात वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी यंदाच ध्वनिमुद्रित करायला हव्यात. पालकमंत्री येत्या १७ सप्टेंबरला बीडमध्ये भाषणाला उभे राहतील, तेव्हा त्यांनी या कामाची तरतूद आणि ते पूर्ण करण्याची तारीख जाहीर करावी.